स्टेज चालेल, नैवेद्य नको

"शर्ट काढा," प्रभाकरकाका म्हणाले.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही अकराजण होतो. जाड गालिचा, कोपऱ्यात बार, भिंतभर टीव्ही, टीव्हीखाली समई. रविवारची दुपार. गणेशोत्सवातल्या नाटकाची पहिली तालीम. मी शर्ट काढला. बनियनही काढायला सांगितलं. काढलं.

काकांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. भिंतीचा रंग वाळलाय का बघतात, तसं खांद्यावर बोट ओढलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा. मेकअपचा प्रश्न मिटला. कुणाला काळा रंग फासला तर इथले लोक आपल्याला सोडणार नाहीत. ह्यांना लावायची गरजच नाही."

हशा.

हृषीकेश पुढे आला. पस्तिशीचा, जिमला जाणारा, गाड्यांच्या एका कंपनीत मॅनेजर, मलाही काका म्हणणारा. नाटकात तो गुलाम पकडणारा, मी गुलाम. त्यानं माझ्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत तिरकं बोट फिरवलं. "काय काका, जानवं घरी विसरलात?"

मोठा हशा.

"आता तोंड उघडा," प्रभाकरकाका म्हणाले. "लिलावात दात तपासायचे."

मी तोंड उघडलं. आणि खरं सांगतो, नुसतं उघडून थांबलो नाही. गोल फिरलो. दंड फुगवले. भाजीवाल्याच्या सुरात ओरडलो, "घ्या, ताजा माल, नागपूरचा, उन्हात वाळवलेला, परत घेतला जाणार नाही." स्वतःचा लिलाव मी स्वतः पुकारला. लोक गालिच्यावर लोळले. मला ते जमतं. चार माणसं दिसली की माझ्या अंगात येतं. बायको म्हणते, ह्यांना फ्रिजचा दिवा लागला तरी वाटतं प्रयोग सुरू झाला.

हसू ओसरलं. काका शेजारी बसलेल्या विनयाताईंकडे झुकले. विनयाताई इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. काका हळू बोलले, पण मला ऐकू येईल इतकंच हळू.

"ह्यांच्यात ते आतूनच येतं. शिकवावं लागत नाही."

मी शर्ट घातला. बटणं एक घर चुकली. घरी पोचेपर्यंत तशीच होती.

*

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. वडील नागपूरच्या सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर ओढायचे. मी इंजिनीअर झालो आणि गाडीच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायला इथे आलो. चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. रांग हलत नाही, पण रांगेतून काढून टाकायला एक कागद पुरतो.

माझ्या आडनावाला गावाचं नाव आहे. त्यावरून जात कळत नाही. मला वाटायचं, कळत नाही. मंडळातले कुणी जेवायला येणार असले की आम्ही दोघं एक काम न बोलता करायचो. हॉलमधला एक फोटो काढायचा आणि कपड्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे ठेवायचा. फोटो कुणाचा, हे मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. पाहुणे गेले की परत लावायचा. आठव्या-नवव्या वर्षी परत लावायचा कंटाळा येऊ लागला. मग तो कपाटातच राहिला.

मंडळाच्या नाटकात दर वर्षी मी असायचो. नोकर. हवालदार. भिकारी. पुन्हा नोकर. एकदा गाढवाचा मागचा अर्धा भाग. टाळ्या सगळ्यात जास्त मलाच. मी खूश. सुनंदा, माझी बायको, दर वर्षी नैवेद्याच्या मोदकांसाठी नाव द्यायची. दर वर्षी निरोप यायचा, "वहिनी, नैवेद्याचं भरलं हो. तुम्ही प्लेट्स आणि कचऱ्याच्या पिशव्या बघाल का?" ती बघायची. तिच्या हातचे मोदक तुम्ही खाल्ले नाहीत. मंडळातल्याही कुणी खाल्ले नाहीत.

*

नाटक काकांनी स्वतः लिहिलं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं मिशिगन. दक्षिणेत लिलावात विकलेला एक गुलाम पळून इथल्या शेतकऱ्याकडे लपलाय. आमच्या घरापासून पाऊण तासावर नदी आहे, पलीकडे कॅनडा. नदी ओलांडली की सुटला. तेवढ्यात गुलाम पकडणारा येतो. त्याच्या हातात कायद्याचा कागद. गुलामाला खांबाला बांधून पट्ट्यानं मारतो. शेतकरी गाव गोळा करतो, पकडणारा पळतो. शेवटी गुलाम शेतकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो आणि म्हणतो, "मालक, तुम्ही देव आहात." पडदा.

शेतकरी प्रभाकरकाका. गुलाम मी. मला चार वाक्यं होती. पहिल्या तिन्हींत "मालक" होतं. चौथं वाक्य म्हणजे किंकाळी.

काकांना इतिहास पाठ. तालमीला चहा झाला की ते उभे राहायचे. "देश एकत्र राहावा म्हणून त्या लोकांनी काय काय केलं. नकाशावर रेघ मारली. रेघेच्या खाली गुलामी चालेल, वर नाही. नवं राज्य आलं की पुन्हा भांडण, पुन्हा तडजोड. मग कायदा आला. गुलाम उत्तरेत पळून आला तरी पकडून द्यायचा. आणि पकडायला उत्तरेतल्या माणसानं हातभार लावायचा. तिथे लोक बिथरले. तोवर गुलामी लांब होती, आता दारात आली. संसदेत एकानं दुसऱ्याचं डोकं काठीनं फोडलं. काठी मोडेपर्यंत मारलं. आणि लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या." इथे काका उसासा टाकायचे. "समजूतदार माणसं होती हो. दोन्हीकडच्या माथेफिरूंनी घात केला. नाहीतर युद्ध टळलं असतं."

मी विचारलं, "काका, तडजोडीच्या बैठकीला गुलाम होता का?"

काकांनी कप बशीत ठेवला.

"तुम्ही संवाद पाठ करा," काका म्हणाले.

पट्टा खरा होता. काकांचा हट्ट. आवाज खोटा आला तर मागच्या रांगेला कळतं म्हणे. खांबाच्या पलीकडच्या बाजूला एक चामड्याची उशी टांगायची, हृषीकेशनं उशीवर मारायचं आणि मी ओरडायचं. सहा तालमी तसं झालं. सातव्या तालमीला पट्टा उशीवर पडला नाही. उजव्या खांद्याच्या हाडावर पडला. बक्कलाच्या बाजूनं.

मी ओरडलो. अभिनय नव्हता. गुरासारखा ओरडलो.

"सॉरी काका, हात सटकला," हृषीकेश मला म्हणाला.

प्रभाकरकाका खुर्चीतून उठले होते. डोळे चमकत होते. "हेच. हेच मी सात तालमी मागतोय. हृषी, प्रयोगात एक-दोन असे लागले तरी बिघडत नाही. काय हो, चालेल ना?"

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. पाठीवरून काहीतरी ओलं उतरत होतं.

"चालेल," मी म्हणालो.

घरी सुनंदानं बर्फ लावला. मग म्हणाली, "पट्टा कुणाचा होता?"

"नाटकातला."

"आणि पाठ?"

*

प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मंडळानं उत्सवाच्या कामांचा तक्ता सगळ्यांना पाठवला. ऑनलाइन शीट. कोण पार्किंगला, कोण प्रसादाला, कोण ढोलपथकात. हे आमचे लोक असे की घरी वरण करायचं तरी आधी एक्सेल उघडतील. माझी मुलगी रेवा पंधरा वर्षांची. ढोलपथकातली आपली वेळ बघायला तिनं तो तक्ता उघडला. ओळींच्या डोक्यावर, दोन रकान्यांच्या मधे, दोन बारीक बाण होते. आजकालच्या पोरांना बाण दिसला की दाबायचा असतो. तिनं दाबला. लपवलेला रकाना उघडला. ज्यानं लपवला त्याच्याकडून तो काढायचा राहिला होता.

रकान्याचं नाव "टीप". प्रत्येक घरासमोर दोन-चार शब्द. "शेंगदाण्याची ॲलर्जी." "मोठी व्हॅन आहे." "सासूबाई व्हीलचेअर."

आमच्या घरासमोरचे शब्द रेवानं मोठ्यानं वाचले. अडखळत, बोट ठेवून. तिला मराठी वाचायला मंडळाच्याच रविवारच्या शाळेनं शिकवलं.

"स्टे-ज चा-ले-ल. नै-वे-द्य न-को."

मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. सुरी थांबली.

"बाबा, नैवेद्य म्हणजे गॉडचं फूड ना? व्हाय नको? आईचे मोदक आर द बेस्ट."

मी तिला सांगितलं. पंधरा वर्षं पुढे ढकललं होतं ते वीस मिनिटांत सांगितलं. आजोबा, स्ट्रेचर, वस्ती, विहीर. ती शेवटी म्हणाली, "सो दे न्यू? ऑल धिस टाइम?"

"हो."

"अँड आई स्टिल पिक्स अप देअर ट्रॅश?"

कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं झालं.

तक्त्यात आणखी तीन घरांसमोर तेच दोन शब्द होते. नैवेद्य नको. एक घर दत्ताचं. दत्ता सोलापूरचा, मंडळाचा साउंड बघणारा. दहा वर्षं आम्ही एकमेकांचे मित्र. दहा वर्षं त्यानं मला सांगितलं नाही आणि मी त्याला. त्याच्या घरीही पाहुणे येण्याआधी एखादा फोटो कपाटात जात असणार.

चौदा वर्षं मी समजत होतो, मी ह्यांना चकवतोय. एवढा मोठा नट मी. नाटक ते करत होते. प्रेक्षक मी होतो, तोही तिकीट काढून बसलेला.

मी कपाट उघडलं. स्वेटर जमिनीवर फेकले. फोटो काढून हॉलमध्ये, दारातून आत पाऊल टाकताच दिसेल असा लावला. सुनंदा म्हणाली, "उद्या नाटकाला जाऊ नका."

"जाणार," मी म्हणालो. "पाया मात्र पडणार नाही." तेवढंच ठरवलं होतं. बाकीचं माझ्या हातानं परस्पर ठरवलं.

*

शाळेचं ऑडिटोरियम भाड्यानं घेतलेलं. दुपारचे तीन. चारशे माणसं, पैठण्या, झब्बे, अत्तर. लॉबीत गणपती, पुढे चांदीच्या ताटात एकवीस मोदक. तिसऱ्या रांगेत सुनंदा आणि रेवा.

मी खांबाला बांधलेला. म्हणजे दोरीचे दोन सैल वेढे. उघडी पाठ प्रेक्षकांकडे. खांद्यावरचा वळ अजून निळा. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "किती खरा वाटतो ना मेकअप."

पहिला फटका उशीवर.

दुसरा पाठीवर. त्याच जागी. ह्या वेळी त्यानं सॉरी म्हटलं नाही.

तिसरा मी धरला. दोर सोडून वळलो आणि पट्टा हवेतच पकडला. मनगटाला दोन वेढे दिले आणि ओढला. हृषीकेश पट्ट्याबरोबर माझ्या छातीवर आला. ओठ न हलवता पुटपुटला, "काका, काय करताय, किंकाळी घ्या."

मी त्याच्या नाकावर बुक्की मारली. कडक वाजलं. वाळकं लाकूड मोडतं तसं. तो बसला. मी पुन्हा मारली. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या बोटांवर, स्टेजवर. चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत आनंद झाला.

इतक्यात प्रभाकरकाकांची एंट्री. ते विंगेत डोळे मिटून वाक्यं घोकत होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. हातात कंदील, डोक्यावर गवती हॅट. खाली पडलेला हृषीकेश त्यांना अभिनय वाटला. ठरल्या जागी आले, उजवा पाय पुढे केला आणि घुमवून म्हणाले, "ऊठ बाळ. आजपासून तू मुक्त आहेस."

"उभाच आहे," मी म्हणालो.

लोक हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी त्यांच्या शर्टाला लावलेला माइक ओढून काढला.

"हा नाटकातला भाग नाही," मी म्हणालो. लोक अजून हसत होते. "मंडळाच्या तक्त्यात एक लपवलेला रकाना आहे. माझ्या घरासमोर लिहिलंय, स्टेज चालेल, नैवेद्य नको. अशी आम्ही चार घरं आहोत. चौदा वर्षं माझ्या बायकोनं तुमची उष्टी ताटं उचलली. तिच्या हातचा मोदक तुमच्या देवाला चालत नाही. माझी पाठ मात्र चालते."

आता कुणी हसत नव्हतं.

"माइक बंद करा," विनयाताई ओरडल्या.

माइक बंद झाला नाही. साउंडच्या टेबलाशी दत्ता बसला होता. तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. एकानं त्याची कॉलर धरली. "राजकारण आणू नका इथे," तो माणूस म्हणत होता. दत्ता म्हणाला, "माझंपण नाव आहे त्यात." त्या माणसानं त्याच्या कानाखाली वाजवली. दहा वर्षांत कधी आवाज न चढवलेला दत्ता उठला, माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि फिरवला.

मग फुटलं सगळं.

मधली वाट होती, तिच्या डावीकडून उजवीकडे माणसं धावली, उजवीकडून डावीकडे. "बोलू द्या त्यांना." "हाकला त्याला." एका डॉक्टरचा चष्मा त्याच्याच गालात घुसला. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या म्हणून उचलता आल्या नाहीत. पण ढोलपथकाची टिपरं होती. ओली लाकडं नव्हेत ती, वाळलेली, वजनदार. दत्ताची भुवई फाटली, हाड दिसेपर्यंत. एकाचे पुढचे दोन दात जमिनीवर पडले. दोन सख्खे मावसभाऊ एकमेकांचा गळा दाबत होते आणि त्यातला एक आमच्या बाजूनं होता, हे मला तेव्हा कळलं. बायकांनी बायकांचे केस धरले. सुनंदाच्या कपाळाला आरतीची पितळी घंटा लागली. तिनं ती घंटा हिसकावून घेतली आणि वापरली. रेवा खुर्चीवर चढून फोनवर सगळं टिपत होती आणि रडत होती. लॉबीतलं ताट कुणी उलटवलं माहीत नाही. मोदक चपलांना लागून पार्किंगपर्यंत गेले.

पोलीस आले. विनयाताईंची पैठणी खांद्यावर फाटलेली. त्या अगदी शांत आवाजात त्यांना म्हणाल्या, "इट्स जस्ट अ कल्चरल मिसअंडरस्टँडिंग."

*

आता मंडळं दोन झालीत. व्हॉट्सॲपचे गट तीन. सगळ्या गटांवर एकच वाक्य फिरतं. इतकं छान चाललं होतं, ह्या माणसानं फूट पाडली.

मी त्यावर खूप विचार केला. रकाना लिहिला तेव्हा फूट पडली नव्हती. लपवला तेव्हाही नाही. वाचून दाखवला तेव्हा पडली. काकांच्या इतिहासातही असंच आहे. ऐंशी वर्षं माणसं विकली जात होती, तेव्हा देश एकसंध होता. माणूस पळून दारात आला आणि "जाणार नाही" म्हणाला, तेव्हा देश मोडला. मोडणारा म्हणून नाव त्याचं. युद्ध गुलामीनं लागतं, पण ठपका नेहमी गुलामावर.

हृषीकेशनं मारहाणीची तक्रार केली. नाकाचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. त्यांनी पोलिसांना दिलेला व्हिडिओ माझ्या बुक्कीपासून सुरू होतो. फटके त्यात नाहीत. गुन्हा लागला तर व्हिसा जाऊ शकतो, आणि व्हिसा गेला की चौदा वर्षं, घर, रेवाची शाळा, सगळंच. वकील म्हणाला, तक्रारदार मागे सरला तर प्रकरण बहुधा मिटेल.

गेल्या रविवारी प्रभाकरकाका आणि विनयाताई घरी आले. पाऊल आत टाकताच फोटो दिसला. दोघांनी पाहिला आणि दोघांनी न पाहिल्यासारखं केलं. काकांनी खिशातून कागद काढला. टाइप केलेला. "मी रागाच्या भरात मंडळावर खोटे आरोप केले. त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो." खाली माझं नाव. सही केली की हृषीकेश तक्रार मागे घेणार.

"मुलीचं बघा," काका म्हणाले. "तुमच्या कार्डाचं बघा. शहाणपण घ्या."

विनयाताई म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी वहिनींनीही करावेत की मोदक. आम्ही वेगळ्या ताटात ठेवू. म्हणजे कुणाच्याच भावना दुखावणार नाहीत."

सुनंदा कपाळावरच्या टाक्यांना हात लावून हसली. "वेगळं ताट माझ्या आजीनं पाहिलंय," ती म्हणाली. "त्यासाठी विमानानं कशाला यायचं, ताई?"

काकांनी पेन पुढे केलं. मी घेतलं. "खोटे आरोप" ह्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि पेन परत दिलं. ते निघाले. मी दार उघडून धरलं. शिष्टाचार आहे माझ्यात, तो आतूनच येतो.

येत्या गुरुवारी सकाळी सुनावणी आहे. आम्ही चारही घरं जाणार. भुवईला सात टाके घेऊन दत्ता येणार. रेवानं तो तक्ता त्याच दिवशी छापून ठेवलाय. तिचा व्हिडिओ पहिल्या फटक्यापासून आहे. मी नाक फोडलं, ते मी कबूल करणार. दंड सांगितला तर दंड. देश सोडायला सांगितलं तर बॅगा भरू. पण का मारलं, ते न्यायालयाच्या कागदावर उतरल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

आणि पुन्हा कुणी हात उचलला तर पुन्हा नाक फुटेल, हेही मी जज्जाला सांगणार आहे. वकील म्हणतो, एवढं बोलू नका.

बोलणार.